शत्रू पडला तर आनंद करायचा की नाही?

बेळगावातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत मी मुलांची रविवारची शाळा घेतो. उपासना सुटली की मोठी माणसं आवारात बोलत उभी राहतात आणि आम्ही मागच्या खोलीत बसतो. गेल्या पावसाळ्यात दहावीतला एक मुलगा वहीच्या कागदाचे दोन चिटोरे घेऊन आला. एकावर बायबलमधलं नीतिसूत्रे २४:१७ असं लिहून खाली त्याच्याच शब्दांत अर्थ दिला होता: शत्रू पडला तर आनंद करू नको. दुसऱ्यावर स्तोत्र ५८:१०: सूड उगवलेला बघून नीतिमान आनंद करील, दुष्टाच्या रक्तात पाय धुईल.

‘‘सर, दोन्ही वाचलंय मी. खरं, दोन्ही एकदम बरोबर कसं असेल हो?’’

आमच्याकडे ‘पण’ म्हणायच्या जागी ‘खरं’ म्हणतात. त्याच्या त्या ‘खरं’मध्ये सगळा प्रश्न होता. त्या दिवशी मी दिलेलं उत्तर अर्धवट होतं, ते मला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

हा प्रश्न फक्त रविवारच्या शाळेतला नाही. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातल्या युद्धाबद्दल बोलताना इस्रायलचे पंतप्रधान बिन्यामिन नेतन्याहू यांनी, अमालेकाने (म्हणजे इस्राएलच्या एका प्राचीन वैरी टोळीने) तुमचं काय केलं ते आठवा, या बायबलमधल्या वचनाचा उल्लेख केला. जानेवारी २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दक्षिण आफ्रिकेच्या वकिलांनी तेच शब्द, सगळ्यांना मारून टाकायची चिथावणी म्हणून, त्यांच्याविरुद्ध पुढे ठेवले आणि नेतन्याहूंच्या कार्यालयाने तो अर्थ चुकीचा असल्याचं म्हटलं. तेव्हापासून घराघरातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही बाजूंची वचनं फिरतात. एक जण ‘डोळ्याबद्दल डोळा’ पाठवतो, दुसरा ‘दुसरा गाल पुढे कर’. ज्यांनी बायबल कधी उघडलेलं नाही त्यांना वाटतं, या पुस्तकातून काहीही काढता येतं. ज्यांनी लहानपणापासून वाचलंय तेही गप्प बसतात, ते मला जास्त लागतं.

ट्रंकेतले कागद

बायबल हे एका बैठकीत लिहिलेलं एक पुस्तक नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. पहिला मोठा भाग ज्यू लोकांचा धर्मग्रंथ, त्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात. येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा दुसरा भाग म्हणजे नवा करार. लिखाण शेकडो वर्षांत झालं.

आजोबांची पत्र्याची ट्रंक डोळ्यांपुढे आणा. तिच्यात जमिनीचा उतारा असतो, बांधाच्या दाव्याचा निकाल असतो, आजीने माहेरी लिहिलेलं पत्र असतं, जात्यावरच्या ओव्यांची वही असते. ओवीत सासू मेली तर बरं असं एखादी म्हणाली असेल, म्हणून तो कोर्टाचा हुकूम होत नाही. आणि निकालपत्रात आईची माया शोधत कोणी बसत नाही. बायबलमध्येही कायदा आहे, गाणी आहेत, राजांच्या हकिकती, म्हणी, पत्रं आणि दृष्टान्त आहेत. एखादं वचन हातात आलं की आधी विचारायचं: हे कोण बोलतंय, कुणाला, आणि कुठल्या कागदावर?

एवढ्याने सगळं सुटत नाही. मात्र बरंच सुटतं.

डोळ्याबद्दल डोळा

खानापूर किंवा चिकोडीकडचा उसाचा मळा घ्या. शेजाऱ्याची म्हैस रात्री दावं तोडून तुमच्या उसात शिरली आणि तिने दोन सऱ्या फस्त केल्या. सकाळी रागाच्या भरात तुम्ही म्हशीचा पाय मोडला. संध्याकाळी त्याने तुमच्या मोटरीची केबल तोडली. आठवड्यात गोष्ट कुऱ्हाडीवर आली. पुढे दोन पिढ्या तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या. असं एक तरी घर प्रत्येक गावात असतं. जिरवायला निघालेला माणूस नुकसान मोजून तेवढंच परत करत नाही, तो नेहमी वर चार घालतो.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात असा एक माणूस आहे, लामेख. तो आपल्या बायकांना फुशारकीने सांगतो की मला जखम केली म्हणून मी माणूस मारला. भावाला मारणाऱ्या काइनासाठी सूड सातपट असेल तर माझ्यासाठी सत्त्याहत्तरपट (उत्पत्ती ४:२३-२४). ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ (निर्गम २१:२४) हा नियम या लामेखाला घातलेलं दावं आहे. डोळ्याबद्दल एक डोळा, दोन नाहीत आणि जीव तर नाहीच. आपण तो नियम ‘जशास तसं’ म्हणून ऐकतो, जणू ती चिथावणी आहे. मुळात ती कमाल मर्यादा आहे आणि ती ठरवायची न्यायाधीशाने. मार खाल्लेल्या माणसाने रात्री जाऊन वसुली करायची नाही.

हा नियम इस्राएली लोकांचा एकट्यांचा नव्हता. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा हम्मुराबी याच्या इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या कायद्यात तो आहे. तिथे प्रतिष्ठिताचा डोळा फोडला तर डोळा, सामान्य माणसाचा फोडला तर चांदी भरून सुटका. लेवीय २४:२२ मात्र परक्याला आणि आपल्याला एकच कायदा सांगतं. गुलामाचा डोळा मालकाने फोडला तर त्या डोळ्याबद्दल त्याला मोकळं सोडायचं, असं निर्गम २१:२६ मध्ये आहे. पुढे ज्यू धर्मशास्त्र्यांनी डोळ्याची किंमत पैशातच मोजायची असं ठरवलं: जखम, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि अपमान, अशी पाच कलमं.

आणि म्हशीचं काय? निर्गम २२:५ मध्ये उत्तर आहे. ज्याचं जनावर दुसऱ्याच्या शेतात चरलं त्याने आपल्या शेतातलं उत्तमातलं उत्तम पीक भरून द्यावं. पान उलटलं की आणखी एक नियम येतो. तुझ्या वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर ते त्याच्याकडे पोचव. त्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर पाठ फिरवू नको, हात लाव (२३:४-५). वैऱ्याच्या गाढवाला हात लावायचा म्हणजे ओझ्याची एक बाजू त्याने धरायची, दुसरी तुम्ही. तेवढा वेळ दोघांची तोंडं एकमेकांकडे. ‘डोळ्याबद्दल डोळा’ आणि हे, यांच्यात जेमतेम दोन अध्यायांचं अंतर आहे.

‘सूड माझा’ म्हणजे देव डूख धरतो का?

जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (३२:३५) देव म्हणतो, सूड घेणं माझ्याकडे. मराठीत ‘सूड’ म्हटलं की खुन्नस, वचपा, डूख धरून बसलेला नाग, असं सगळं गोळा होतं. मूळ हिब्रू शब्द ‘नाकाम’. तोही कठोरच शब्द आहे, पण त्यात न्यायासनाचा वास आहे: ज्याचं कोणी नाही त्याच्या बाजूने उभं राहून हिशेब पुरा करणं.

येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हेच वचन घेतलं आहे (१२:१९). तुम्ही सूड उगवू नका, ते देवावर सोडा. लगेच पुढे नीतिसूत्रांतलं वचन: वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल. मग बाराव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य: वाइटाने जिंकला जाऊ नको, बऱ्याने वाइटाला जिंक. सूड आणि विजय हे दोन शब्द तीन वचनांच्या आत, आणि विजयाचं हत्यार म्हणून ताट.

यावर माझा विद्यार्थी म्हणाला, ‘‘मग चोराला पण जेवण घालून सोडायचं काय?’’ रास्त प्रश्न आहे. पौल चार ओळी पुढे म्हणतो की राज्यकर्ता तलवार उगीच धरत नाही, वाईट करणाऱ्याला शासन करणारा तो देवाचा सेवक आहे (१३:४). ग्रीकमध्ये ‘सूड उगवू नका’मधला शब्द आणि इथे ‘शासन करणारा’ म्हणून वापरलेला शब्द एकाच मुळातून आले आहेत. बायबलची आजची अध्यायवार विभागणी तेराव्या शतकातली आहे. पौलाच्या पत्रात बारा आणि तेरा यांच्यामध्ये काही रेघ नव्हती. जी गोष्ट तुमच्या हातातून काढून घेतली तीच न्यायासनाच्या हातात दिली. घरात चोरी झाली तर फौजदारी दाखल करा. चोराच्या पोराला शाळेच्या वाटेवर अडवून मारू नका.

राज्यकर्ताच जुलमी निघाला तर काय, हे तेराव्या अध्यायात नाही. ते प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आहे. तिथे रोमची सत्ता श्वापदाच्या रूपात येते. एका अध्यायावर सगळ्या सरकारांची आरती करणाऱ्यांनी तेही वाचावं.

शाप देणारी स्तोत्रं प्रार्थना कशी?

आता तो दुसरा चिटोरा. स्तोत्रसंहिता हा १५० गाण्यांचा संग्रह. त्यातल्या काही गाण्यांत शत्रूचं वाटोळं मागितलं आहे; त्यांना शापस्तोत्रं म्हणतात. सगळ्यांत भयंकर ओळ १३७व्या स्तोत्राच्या शेवटी आहे: बाबेलनगरी, तुझी बाळं खडकावर आपटणारा तो धन्य.

ही ओळ वाचून थांबायला होतं आणि थांबावंच. मग बोलणारा कोण ते बघावं. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं. राजा सिद्कीयाच्या मुलांना त्याच्यादेखत मारलं आणि मग त्याचे डोळे काढले (२ राजे २५:७), म्हणजे त्याने शेवटचं पाहिलं ते तेच. लोकांना चालवत परमुलखात नेलं, आणि तिथे नेणारे म्हणतात, तुमच्या गावाकडचं एखादं गाणं म्हणा की. हे स्तोत्र त्या माणसाचं आहे.

त्याच्या हातात तलवार नाही. तो कोणाला हुकूमही देत नाही. तो फिर्याद देतोय, आणि फिर्यादीत माणूस तोलून मापून बोलत नाही. पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली लेक गेलेली आई काय बोलते ते ज्याने ऐकलंय त्याला हे समजेल. ती बोलते म्हणजे अजून कुऱ्हाड उचललेली नाही. स्तोत्र ५८ मधल्या रक्तात पाय धुण्याचंही तसंच. त्या स्तोत्राची सुरुवात वाचा, ती वाकडा न्याय करणाऱ्या सत्ताधीशांविरुद्ध आहे.

म्हणून ही स्तोत्रं सगळ्यांच्या तोंडी शोभतात असं मला वाटत नाही. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक रोजच्या प्रार्थनाक्रमातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं वगळण्यात आली. का वगळली ते मला कळतं, तरी ती राहायला हवी होती असं माझं मत. ज्याच्या घराला आग लागलेली नाही त्यानेही ती वाचावीत, दुसऱ्याच्या घरची आग कळावी म्हणून. मात्र सुखाने जेवून उठलेल्या माणसाने ती शेजाऱ्याचं नाव घालून म्हटली तर तो जादूटोणाच.

मग विजयाचा आनंद करायचा नाही?

मिसर (इजिप्त) देशातल्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएली लोक समुद्रापलीकडे पोचतात, मागे तिथला राजा फारो याचं सैन्य बुडतं, आणि सुटलेल्यांतली मिर्याम डफ घेऊन नाचते (निर्गम १५). तो आनंद खरा आहे. काल विटा थापणाऱ्या गुलामांना तो नाकारणारे आपण कोण? तरीही ज्यू परंपरेतल्या तालमूदमध्ये एक गोष्ट आहे. त्या वेळी देवदूतही गायला निघाले. देवाने त्यांना थांबवलं: माझी लेकरं समुद्रात बुडतायत आणि तुम्ही गाणी म्हणता? सुटलेल्यांना गाऊ दिलं, वरून बघणाऱ्यांना नाही.

आणि माझ्या विद्यार्थ्याचा पहिला चिटोरा दिसतो तेवढा साधा नाही. नीतिसूत्रे २४:१७ च्या पुढचं वचन त्याने लिहिलंच नव्हतं. शत्रू पडला तर आनंद करू नको, नाहीतर देवाला ते आवडणार नाही आणि तो त्याच्यावरचा आपला राग काढून घेईल. म्हणजे तुम्ही हसलात तर शत्रूची शिक्षा टळेल! हे काही क्षमेचं उत्तुंग शिखर नव्हे, गावातल्या शहाण्या म्हाताऱ्याची ताकीद आहे. मला ती तशीच आवडते. संत नसलेल्या माणसालाही ती पाळता येते.

विजय आणि क्षमा एकाच ताटात बघायची असतील तर २ राजे ६ वाचा. शेजारच्या अराम देशाच्या राजाची फौज इस्राएलातल्या अलीशा संदेष्ट्याला धरायला येते आणि उलट तीच शोमरोनात, शत्रूच्या राजधानीत, अडकते. इस्राएलचा राजा अधीर होऊन विचारतो, मारू का, मारू का? अलीशा म्हणतो, भाकर-पाणी दे आणि परत पाठव. राजा मोठी मेजवानी करतो. मग अरामी टोळ्या इस्राएलात येईनाशा झाल्या, असं २३वं वचन सांगतं. आणि २४वं वचन? त्यानंतर अरामाचा राजा बेन-हदाद सगळं सैन्य घेऊन आला आणि त्याने शोमरोनाला वेढा घातला.

लागून दोन वचनं. एक टोळ्यांबद्दल आहे, दुसरं सैन्याबद्दल, अशी जुळणी करता येते. पण ती दोन्ही शेजारी ठेवणाऱ्याला हे दिसलं नसेल काय? कित्तूरच्या मातीतल्या माणसाला यात नवल वाटू नये. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला, एलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी राणी चेन्नम्माच्या हाती लागले. पुढे तिने त्यांना सोडलं. डिसेंबरात इंग्रज मोठं सैन्य घेऊन आले आणि किल्ला घेतला. म्हणून कैद्यांना सोडणं चूक होतं, असं आपण म्हणतो का? अलीशाची मेजवानीही कायमच्या शांततेची हमी म्हणून सांगितलेली नाही.

दुसरा गाल म्हणजे मार खात राहायचं?

येशूचं वचन नीट वाचलं तर त्यात ‘उजव्या’ गालावर असा शब्द आहे (मत्तय ५:३९). समोरासमोर उभं राहून उजव्या हाताने कोणाच्या उजव्या गालावर मारून बघा. तळहात पोचत नाही, हात उलटा करावा लागतो. ज्यू कायद्याच्या मिश्ना या संग्रहात थोबाडीत मारण्याला २०० नाणी दंड आहे आणि उलट्या हाताने मारण्याला ४००. लागतं कमी, अपमान दुप्पट. मालक नोकराला मारतो तो हा हात. दुसरा गाल पुढे करणारा पळत नाही, उलट मारत नाही आणि मान खालीही घालत नाही. हा अर्थ सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, मला पटतो.

येशूला स्वतःला महायाजकापुढे चपराक बसली तेव्हा त्याने विचारलं: मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारलंस का? (योहान १८:२३). म्हणून नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला हे वचन ऐकवून परत पाठवणाऱ्यांनी, आणि असे लोक आमच्यातही आहेत, आधी हा प्रश्न तिच्या वतीने विचारावा.

जुना देव रागीट, नवा प्रेमळ?

हे उत्तर फार सोपं आहे, आणि जुनंही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने तेच सांगितलं: हे दोन वेगळे देव, जुना करार टाकून द्या. रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. कारण ‘सूड घेऊ नको, मनात अढी ठेवू नको, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन जुन्या करारातलंच आहे (लेवीय १९:१८). आणि नव्या कराराच्या शेवटी रक्तात भिजलेला झगा घातलेला घोडेस्वार येतो.

तरीही येशूने काहीतरी बदललं, ते एका छोट्या प्रसंगात दिसतं. त्याच्या गावच्या, नासरेथच्या सभास्थानात त्याला यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी वाचायला देतात. तो वाचतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, प्रभूच्या कृपेचं वर्ष. इथे तो गुंडाळी मिटतो, सेवकाला देतो आणि खाली बसतो (लूक ४). यशया ६१:२ मध्ये वाक्य तिथे संपत नाही. पुढे आहे: ‘आणि आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’. ते त्याने वाचलंच नाही. मग तो ज्या दोन माणसांची उदाहरणं देतो ती दोन्ही परकी: सारफथची विधवा आणि नामान, अरामी सेनापती. गावकरी इतके चिडतात की त्याला कड्यावरून ढकलायला निघतात.

इथे सीमाभागात एक नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्यावर काळ्या दिनाची फेरी. कुठलं वाक्य अर्ध्यावर सोडलं की आपलेच लोक चिडतात, हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

जिथे गाठ सुटत नाही

अमालेक. मिसरातून येणाऱ्या थकल्या लोकांच्या पिछाडीवर यांनी हल्ला केला (अनुवाद २५:१७-१८). पुढे १ शमुवेल १५ मध्ये शौल राजाला हुकूम मिळतो की पुरुष, बायका, तान्ही बाळं, गुरं, सगळं मारून टाक.

काही गोष्टी सांगता येतात. त्या काळी युद्धकथा अशाच भाषेत लिहीत. मिसरच्या मर्नेप्ताह राजाने इसवी सनापूर्वी १२०८च्या सुमाराच्या शिलालेखात ‘इस्राएलचं बीज उरलं नाही’ असं कोरलं, आणि ते लोक तर राहिले. बायबलमध्येही १५व्या अध्यायात संपलेले अमालेकी ३०व्या अध्यायात, पुढे राजा झालेल्या दावीदाचं गाव जाळायला हजर आहेत. शिवाय बापाच्या पापासाठी मुलांना मारू नये, असा स्पष्ट कायदा अनुवाद २४:१६ मध्ये आहे. पुस्तक स्वतःशीच भांडतंय.

पण ‘ती बोलायची रीत होती’ म्हटल्याने हुकुमातली तान्ही बाळं पुसली जात नाहीत. हा हुकूम न्याय्य होता असं पटवणारं स्पष्टीकरण मी आजवर ऐकलेलं नाही, आणि कोणी गुळगुळीत उत्तर दिलं तर मला भीती वाटते. आजच्या कुठल्याही लोकांना अमालेक म्हणायचा अधिकार मला कोणाकडेच दिसत नाही. हे मी मुलांपुढे असंच बोललो.

मागच्या रविवारी तोच मुलगा तिसरा चिटोरा घेऊन आला. शिमी नावाच्या माणसाने पळणाऱ्या दावीद राजाला शिव्याशाप दिले होते, दगड मारले होते. दावीद जिंकून परतला तेव्हा शिमी पाया पडला आणि दावीदाने शपथेवर सांगितलं, तू मरणार नाहीस (२ शमुवेल १९:२३). मग दावीद अंथरुणाला खिळला. मुलाला, शलमोनाला जवळ बोलावून म्हणाला, मी त्याला वचन दिलं होतं. तू शहाणा आहेस, त्याचे पिकले केस रक्ताने माखून त्याला अधोलोकात पाठव (१ राजे २:९). त्याच दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौलाला गुहेत हातात सापडूनही सोडलं होतं, फक्त झग्याचा काठ कापून.

‘‘सर, शपथ पाळली म्हणायची की मोडली?’’

बाकावरच्या सातही मुलांनी आपापलं बायबल उघडलं. दोघांना पान सापडेना, त्यांना शेजारच्यांनी दाखवलं.